वारशाचे रक्षण आणि संस्थांचे सहकार्य



आजच्या विषयाचे पहिले उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपण ज्या परंपरेच्या मांडवात बसलो आहोत, ती वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ती सरकारी हुकमाने सुरू झाली नाही. पुण्याची पाहून दुसऱ्या गावांनी आपापल्या माला काढल्या. त्या कोणाच्या शाखा नव्हत्या. प्रत्येक गावाची वर्गणी वेगळी, चिटणीस वेगळे आणि रुसवेफुगवेही वेगळे! तरीसुद्धा एका गावचा वक्ता दुसऱ्या गावी जातो आणि विचारांची देवघेव चालू राहते. स्वतंत्र राहूनही एकमेकांच्या उपयोगी पडण्याची ही रीत आपल्याला नवी नाही, एवढेच प्रारंभी सुचवावयाचे आहे.

आता प्रश्न असा की, हीच रीत वारशाच्या रक्षणाला लावता येईल काय? वारसा म्हणजे पोथ्या, दप्तरे, ताम्रपट, लेणी, किल्ले, वाडे आणि जुन्या इमारती. या साऱ्याची राखण आपल्याकडे लहानमोठ्या शेकडो मंडळांनी केली आहे. कोणाकडे चार कपाटे आहेत, कोणाकडे चार मजले. या मंडळांनी एकत्र काम करावे असे सर्वच म्हणतात. परंतु एकत्र म्हणजे नक्की कसे? एकाने दुसऱ्याला गिळावे, असा त्याचा अर्थ आहे काय? की सर्वांनी मिळून एक ठराव करावा आणि चहा घेऊन घरी जावे? आमच्या मते हे दोन्ही मार्ग फुकट आहेत. तिसरा मार्ग आहे आणि तो पूर्वी चालून दाखवलेला आहे. त्याचीच हकीकत आज सांगू.

प्रथम, ही इतकी मंडळे झाली कशी ते पाहू. १८१८ साली पेशवाई संपली. पेशव्यांच्या दफ्तराचा मोठा भाग इंग्रज सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांना त्याचा दरवाजा बंद राहिला. उरलेले कागद सरदारांच्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या घरांत, मठांत आणि देवळांत पडून राहिले. तेथे त्यांचा निकाल लावण्यास सरकारची गरज नव्हती. वाळवी, गळके छप्पर आणि वाण्याची पुडी ही तिघे पुरेशी होती.

या नासाडीला पहिला बांध घातला तो खाजगी माणसांनी. १८७८ साली काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहास संग्रह’ हे मासिक काढून जुने काव्य आणि बखरी छापावयास प्रारंभ केला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस बसून पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे १८९७ पासून छापावयास घेतली. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. या सर्वांजवळ पैसा बेताचाच होता. चिकाटी मात्र होती, आणि ज्या घरी कागद असत त्या घरचा विश्वास होता.

व्यक्तींच्या मागून संस्था आल्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. १९१० साली राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेद होऊन राजवाडे त्या मंडळापासून दूर झाले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून गोळा करून जतन केल्या. नागपुरास विदर्भ संशोधन मंडळ निघाले, यवतमाळास शारदाश्रम निघाला. आता कोणी म्हणेल, राजवाडे भांडले नसते तर एकच मोठे मंडळ झाले असते. झाले असते खरे. परंतु धुळ्याच्या संग्रहाचे घर धुळ्यास झाले नसते आणि खानदेशातले कागद खानदेशातच सांभाळणारे हात तयार झाले नसते. आपल्याकडे भांडणातूनही कधी कधी एक कपाट वाढते!

संस्था पुष्कळ असण्याचा मोठा फायदा म्हणजे हा विश्वासच. कागद ज्याच्या घरी असतो, तो माणूस पाहून तो देतो. महानुभाव पंथाचे वाङ्मय शतकानुशतके सांकेतिक लिपीत आणि मठांच्या आत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. ठाण्याचे वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि त्यानंतर वि. भि. कोलते यांनी ते वाङ्मय एकामागून एक प्रकाशात आणले. मराठी गद्याचा आरंभ आपल्याला ‘लीळाचरित्रा’त दिसतो तो या साखळीमुळे. ठाण्याच्या माणसाला जे मिळाले नाही ते यवतमाळच्या माणसाला मिळाले. एकाने जेथे सोडले तेथून दुसऱ्याने उचलले. महंतांनी पोथी दिली ती एखाद्या खात्याच्या शिक्क्याकडे पाहून नव्हे, समोरच्या माणसाची निष्ठा पाहून.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकाच घराण्याच्या दफ्तरातली निम्मी पत्रे एका संस्थेत आणि निम्मी दुसरीत, अशी फाटाफूट होऊ शकते. पत्र एकीकडे, उत्तर दुसरीकडे. अभ्यासक एकच भाग पाहतो आणि निष्कर्ष काढून मोकळा होतो. सूची असली तर ती ज्याच्या त्याच्या कपाटात. आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘आमच्याकडचा कागद’ ही भावना. कागदाचा रक्षक हळूहळू कागदाचा मालक होतो आणि मालक झाला की तो कुलूप मोठे करतो. सरकारने दफ्तर बंद ठेवले म्हणून ज्यांनी तक्रार केली, त्यांच्याच वारसांनी कपाट बंद ठेवावे, हे शोभत नाही. सरकारी पेशवे दफ्तराचे दार पुढे उघडले आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या काही वर्षांत छापून निघाले. कुलूप निघाल्याने काय घडते, ते त्या ४५ भागांनी दाखवून दिले.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. ते आहे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे.

महाभारत एक आहे असे आपण म्हणतो. परंतु पोथ्या पाहिल्या तर काश्मीरची वेगळी, बंगालची वेगळी, मलबारची वेगळी. सतराव्या शतकातले टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे मूळचे आपल्या कोपरगावचे. त्यांनी काशीस राहून निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवल्या आणि आपल्या मते चांगले पाठ निवडून टीका लिहिली. एका माणसाने करावयाचे तेवढे त्यांनी केले. पण कोणता पाठ कोणत्या पोथीतला, आणि सोडला तो काय होता, हे वाचकाला कळण्याची सोय त्यात नव्हती. १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ यांनी शास्त्रशुद्ध आवृत्तीची कल्पना मांडली. युरोपातील विद्वत्संस्थांनी ती हाती घेतली, लुडर्स यांनी १९०८ साली छोटा नमुनाही छापला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि ते काम बारगळले.

ते उचलले पुण्याने. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचे आश्वासन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कामाचा श्रीगणेशा झाला. संस्था दोन वर्षांची आणि ग्रंथ जगातला सर्वांत विस्तीर्ण महाकाव्याचा! एकट्याने पेलण्यासारखे हे काम नव्हते, हे चालकांनी वेळीच ओळखले. त्यांचा खरा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो.

पोथ्या शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम अशा लिप्यांत होत्या. त्या सर्व पुण्यास आणाव्यात म्हटले तर मालक देणार नाहीत, आणि दिल्या तरी वाचणार कोण? म्हणून पोथ्यांना पुण्यास आणण्याऐवजी कामच पोथ्यांकडे नेण्यात आले. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातील विश्वभारतीत एक केंद्र झाले. तंजावरास सरस्वती महालात दुसरे झाले. या तंजावरच्या ग्रंथालयाशी आपले नाते जुने आहे, कारण सरफोजी राजे भोसल्यांनी ते वाढवले. विश्वभारती पुण्याची शाखा झाली नाही आणि सरस्वती महालाने आपली पोथी पुण्याच्या नावावर केली नाही. तिघांत समान होती ती एकच गोष्ट, पाठ मिळवण्याची पद्धत.

ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. खास आखलेले चौकटींचे कागद तयार केले होते. एका कागदावर एकच श्लोक. वरच्या ओळीत छापील पाठ, अक्षरागणिक एक चौकट. खाली एकेका पोथीला एकेक ओळ. पोथीतले अक्षर वेगळे असेल तेथेच, त्याच अक्षराच्या चौकटीखाली ते लिहावयाचे. आदिपर्वाच्या प्रत्येक श्लोकासाठी निदान दहा पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या, काही ठिकाणी तर त्याच्या कितीतरी पट. कागद तंजावरास भरला काय किंवा शांतिनिकेतनात भरला काय, पुण्याच्या टेबलावर तो सारखाच वाचता येई. सहकार्य म्हणजे भाषण नव्हे. सहकार्य म्हणजे असा एक आखलेला कागद, जो सर्वांनी मान्य केला आहे.

१९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर मुख्य संपादक झाले आणि १९३३ साली संपूर्ण आदिपर्व प्रसिद्ध झाले. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक खूण दिलेली होती. पानाच्या वरच्या भागात संपादकाने स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात इतर सर्व पाठ, ज्याच्या त्याच्या खुणेसह. महाभारत गणपतीने लिहून घेतले ही आपल्या सर्वांची आवडती कथा मूळ संहितेत बसत नाही असे ठरले, तेव्हा ती परिशिष्टात गेली. पण गेली म्हणजे फेकली नाही; कोणत्या पोथ्यांत ती आहे ते सांगून पूर्ण छापली. मतभेद झाला तरी दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी पानावर ठेवावयाचे, हा त्या आवृत्तीचा धर्म. ज्या संस्थांना एकत्र काम करावयाचे आहे त्यांनी हा धर्म घरी न्यावा असे आम्हांस वाटते.

या सचोटीची परीक्षाही झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून एका फार जुन्या पोथीचे पाठ मिळाले. सुखठणकरांना ती पोथी आधी ठाऊक नव्हती. पाहतात तो त्यांनी तर्काने स्वीकारलेल्या पुष्कळ पाठांना तिच्यात दुजोरा होता. ज्या माणसाचा पुण्याशी कसलाही करार नव्हता, त्याने आपणहून हे धन पुढे केले. काम उघड्यावर चालले असले म्हणजे असे मित्र मिळतात.

पर्वेही वाटून दिलेली होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी संपादिले, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एजर्टन यांनी. १९४३ साली सुखठणकर वारले. १९४७ साली देशाची फाळणी झाली; लाहोर आणि ढाका परदेशात गेले. काम थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्याची समाप्ती जाहीर झाली. सत्तेचाळीस वर्षे आणि १२५९ पोथ्या. आरंभ करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी शेवट पाहिला. माणसे गेली, राज्ये बदलली, सरहद्दी बदलल्या. आखलेला कागद मात्र तोच राहिला.

हे झाले ग्रंथांचे. दगडामातीच्या वारशात हे चालेल काय? मुंबईचे उदाहरण घेऊ. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठ या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती आणि पश्चिमेस १९३० नंतरची आर्ट डेको पद्धतीची घरे. मुंबईत १९९५ साली वारसा-इमारतींसाठी स्वतंत्र नियम झाले. देशात असे नियम प्रथम तेथे झाले. पण नियम झाला म्हणजे राखण झाली असे नव्हे. मैदानाभोवतीच्या रहिवाशांची संघटना, काळा घोडा असोसिएशन, अर्बन डिझाईन रिसर्च इन्स्टिट्यूट, आणखी काही नागरिक मंडळे आणि वास्तुविशारद यांनी मिळून जागतिक वारसायादीसाठी प्रस्तावाचा पाठपुरावा केला. त्यांच्या कामाला दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ही वास्तुसमूहाची नोंद मान्य केली. रहिवाशांना मैदानाची निगा ठाऊक, वास्तुविशारदाला नकाशा ठाऊक, सरकारला दिल्लीची वाट ठाऊक. प्रत्येकाने आपले तेवढे आणले.

किल्ल्यांकडे पाहिले म्हणजे मात्र काळजी वाटते. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसायादीत झाला. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. सुटीच्या दिवशी गडावर जाऊन झाडझाडोरा काढणारी, टाकी उपसणारी तरुण मंडळे गावोगाव आहेत. त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु टाक्यातला गाळ म्हणजे नुसता गाळ नव्हे. त्यात खापरे असतात, नाणी असतात, आणि कोणत्या थरात काय होते यावर इतिहास उभा असतो. उत्साहाच्या फावड्याने तो एका रविवारी दरीत जातो. संरक्षित स्मारकावर परवानगीवाचून काम करणे कायद्यालाही मान्य नाही. येथे तरुणांकडे हात आहेत, पुरातत्त्वज्ञाकडे डोळा आहे आणि पायथ्याच्या गावकऱ्याकडे आठवण आहे. तिघे एका दिवशी गडावर आले तर गड वाचेल. तिघे तीन दिवशी आले तर प्रत्येकजण दुसऱ्याचे काम बिघडवील.

या सर्वांतून काय घ्यावयाचे ते आता थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, वस्तू जिची तिच्याकडेच राहावी. एकत्र यावयाचे ते पद्धतीत. दुसरी गोष्ट, श्रेय नावानिशी द्यावे. ज्या पोथीची खूण पानावर असते ती पोथी पुन्हा मिळते. तिसरी गोष्ट, नक्कल एकाहून अधिक ठिकाणी असावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची व पोथ्यांची नासधूस झाली. पाणी आणि जमाव दोघेही आधी सूचना देत नाहीत. आज छायाचित्र घेऊन पोथी जतन करण्याची साधने स्वस्त झाली आहेत. धुळ्याच्या पोथीची प्रत नागपुरास आणि नागपूरची तंजावरास असण्यात कोणाचा मानभंग होतो?

आणि चौथी गोष्ट, संकटात एकाने दुसऱ्याच्या बाजूने बोलावे. एका संस्थेवर आघात झाला तर ते ‘त्यांचे’ प्रकरण राहता कामा नये. एकट्या संस्थेचा अर्ज फायलीत जातो. वीस संस्थांच्या सह्यांचा अर्ज वाचावा लागतो. सरकारची मदत जरूर घ्यावी, पण सर्वस्वी तिच्यावर अवलंबून राहू नये. ज्या वेळी सरकारचे चुकेल त्या वेळी तसे सांगणारा कोणीतरी स्वतंत्र उरला पाहिजे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे मोठ्या संस्थांचे काम, आम्ही श्रोत्यांनी काय करावे? आमची सूचना अगदी लहान आहे. आपल्या गावात एखादे जुने वाचनालय असेल, एखादा मठ असेल, एखाद्या शाळेजवळ शंभर वर्षांची वहीखाती असतील, एखाद्या वाड्याच्या माळ्यावर रुमालात बांधलेले दप्तर असेल. या चौघांच्या चालकांनी येत्या वर्षात एकदा एकत्र बसावे. मालकीचा विषय काढू नये, जुन्या भांडणांचा तर नकोच. फक्त एक कागद आखावा. वस्तूचे नाव, कोणाकडे आहे, लिपी कोणती, स्थिती कशी, पाहावयाची असल्यास कोणास विचारावे. पाच रकाने पुरेत. आपल्या गावाची अशी यादी झाली की तिची एक प्रत शेजारच्या गावास पाठवावी आणि त्यांची मागवावी. वाडा पाडून इमारत उठावयाची असेल, तर दप्तर रद्दीत जाण्यापूर्वी निदान कोणाला निरोप द्यावयाचा हे तरी त्यामुळे ठाऊक होईल.

दरवर्षी पावसाळ्यात एखादा माळा गळतो आणि दिवाळीच्या झाडलोटीत एखादा रुमाल बाहेर पडतो. आता वसंत चालू आहे. पावसाळ्यास दोन महिने आहेत. एका गावाने पाच रकाने आखण्यास तेवढा वेळ पुष्कळ झाला.